आमची की आपली

रविवार, रात्री उशिरा

बैठक संपून चार तास होऊन गेले, तरी अक्कांचे ते तीन शब्द मनातून जात नाहीत. मी उभी राहून बोलत होते आणि बोलणे रंगातही आले होते. जुन्या शाळेच्या इमारतीचे कलाकेंद्र व्हावे, यासाठी जे जे मांडायचे ठरवले होते ते बहुतेक मांडून झाले होते. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान डोलावली होती. शेवटाकडे येताना मी म्हणाले, "ही आमची इमारत आहे आणि आम्ही ती पडू देणार नाही." तेव्हा तिसऱ्या रांगेतून अक्का म्हणाल्या, "आपली म्हण गं."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता आणि त्यात टोमणाही नव्हता. पाढे म्हणताना कोणी अडखळले की ज्या स्वरात त्या पुढचा आकडा सांगत, त्याच स्वरात त्यांनी हे सांगितले. मी "हो, आपली" म्हणून वाक्य पुरे केले आणि खाली बसले. नंतर गाड्या लावायच्या जागेवरून वाद सुरू झाला आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. बैठकीपुरता तो विषय तिथेच संपला असावा. माझ्यापुरता मात्र संपला नाही. घरी आल्यावर हातपाय धुतले, जेवण उघडून पाहिले आणि तसेच झाकून ठेवले.

खरे सांगायचे तर मला फार लागले. दोन वर्षे मी या इमारतीमागे आहे. पहिला अर्ज मी लिहिला, तो हरवला म्हणून दुसरा लिहिला, आणि दुसऱ्यावर तारखेचा शिक्का नाही म्हणून तिसरा दिला. प्रत्येक पावसानंतर भिंतीवरच्या भेगांचे फोटो काढून ते तारीखवार लावले. कौले सरकलेल्या कोपऱ्यात माळ्यावर पाणी साठते हे कोणालाही ठाऊक नव्हते. ते मी शिडी लावून पाहिले. एवढे केल्यावर एखाद्या शब्दावरून कोणी मला थांबवावे, आणि तेही अक्कांनी, हे मला सोसत नाही. दादा बैठकीला आलाच नाही. त्याविषयी आज लिहिणार नाही.

शब्द चुकला हे मान्य आहे, पण बोलण्याच्या भरात आमची काय आणि आपली काय, एवढे कोण तोलून बोलते? असे स्वतःला समजावले आणि भाषणाचे टिपण काढून वाचायला बसले. टिपण तर मी तीन रात्री बसून, शब्द न् शब्द तोलून लिहिले होते. त्यात "आमची", "आमच्या", "आम्हाला" असे अकरा ठिकाणी आहे. "आपली" एकदाही नाही.

टिपणाच्या दुसऱ्या पानावर इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांचे 1849 सालचे म्हणणे मी उतरवून घेतले होते. जुन्या वास्तूंना हात लावण्याचा अधिकार आजच्या पिढीला नाही, कारण त्या तिच्या मालकीच्या नाहीत. काही अंशी त्या बांधणाऱ्यांच्या असतात आणि काही अंशी पुढे येणाऱ्या सगळ्या पिढ्यांच्या. मूळ इंग्रजीत आमच्या आणि आपल्या या दोन्हींसाठी एकच लहानसा शब्द आहे, आणि तो वाचताना ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे, हे कळण्याचा मार्ग नाही. मराठीत ही सोय नाही. बोलणाऱ्याला दर वेळी ठरवावेच लागते की समोरच्याला आत घ्यायचे की उंबऱ्याबाहेर ठेवायचे. मी अकरा वेळा ठरवले आणि अकराही वेळा समोरच्यांना बाहेर ठेवले. ते माझ्या ध्यानातही आले नाही, हेच मला जास्त टोचते आहे.

मग हे "आम्ही" म्हणजे नेमके कोण, याची मी यादी करून पाहिली. एकूण सातजण झालो. सातही जणांना नाटक, गाणे, चित्रे यांची ओढ आहे आणि सातही जणांची मने स्वच्छ आहेत, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण इमारतीच्या भिंतीला भिंत लागलेली अशी जी घरे आहेत, त्यांतला आमच्यात एकही नाही. रात्री दहा वाजता कार्यक्रम सुटल्यावर ज्यांच्या खिडकीखाली माणसे गप्पा मारत उभी राहणार, ते कोणीही नाहीत. आजूबाजूची भाडी वाढली तर ज्यांना घर सोडावे लागेल, तेही नाहीत.

बैठकीत मी पॅरिसच्या ओर्से स्थानकाचे उदाहरण दिले होते. 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते बांधले गेले, पण गाड्या लांब होत गेल्या आणि फलाट आखूड पडू लागले, म्हणून 1939 पासून लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे येईनाशा झाल्या. पुढे ते पाडून तिथे हॉटेल उभारायचे घाटत होते. 1978 मध्ये त्याला वारसा म्हणून संरक्षण मिळाले आणि डिसेंबर 1986 मध्ये तिथे संग्रहालय उघडले. हे सगळे मी उत्साहाने सांगितले. त्यावर मागे बसलेल्या एकाने विचारले, "त्या स्थानकाच्या भिंतीला लागून कोणाचे स्वयंपाकघर होते का?" तेव्हा मला तो प्रश्न आडमुठेपणाचा वाटला आणि मी त्याला उत्तर दिले नाही. आता वाटते की संध्याकाळभरात विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तोच असावा.

याउलट जे उदाहरण माझ्या टिपणात होते आणि वेळ नाही म्हणून मी गाळले, तेच सांगायला हवे होते. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात पिंपे बनवण्याचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्याचे केंद्र करण्याचे काम वास्तुकार लीना बो बार्डी यांच्याकडे आले, ते 1977 च्या सुमारास. एका शनिवारी त्या तिथे गेल्या तेव्हा मुले इकडून तिकडे धावत होती, तरुण फुटबॉल खेळत होते, घरचे लोक खाण्याची तयारी करत होते आणि एकीकडे बाहुल्यांचा खेळ चालला होता. हे सगळे असेच चालू राहिले पाहिजे, असे त्यांच्या मनाने तिथल्या तिथे घेतले. विटांच्या जुन्या शेड त्यांनी ठेवल्या आणि 1982 मध्ये केंद्र सुरू झाले. आपल्या येण्याआधीच लोक या जागेचे काही करत आहेत, हे त्यांनी आधी पाहिले आणि आराखड्याला हात नंतर घातला. मी मात्र दोन वर्षांत भेगा पाहिल्या, कौले पाहिली, वाशांना लागलेली वाळवी पाहिली. पायऱ्यांवर रोज संध्याकाळी कोण बसते, हे मात्र मी टिपून ठेवले नाही.

असे लिहिताना स्वतःवर अन्याय होतो आहे असेही वाटते. भेगा पाहणारे कोणीतरी लागतेच. गेल्या महिन्यात अभियंत्यांबरोबर आत गेलो होतो. त्यांनी उत्तरेकडच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केले, तेव्हा एका जागी आवाज भरीव आला आणि हातभर अंतरावर पोकळ. मूळ भिंत चुन्यात बांधलेली आहे. मधल्या काळात कोणीतरी चांगल्या हेतूने तिला सिमेंटचा गिलावा केला. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंटचा थर ती बाहेर सोडू देत नाही, मग पाणी विटांतच मुरत राहते, क्षार बाहेर येऊन पांढरा थर धरतो आणि वीट आतल्या आत भुसभुशीत होते. त्यांनी किल्लीच्या टोकाने गिलाव्याचा एक पापुद्रा अलगद उचलला, तर मागून विटेची लाल पूड त्यांच्या तळहातावर ओतल्यासारखी पडली. तो तळहात डोळ्यांपुढून हलत नाही. भिंत मजबूत व्हावी म्हणून ज्याने सिमेंट लावले, त्याच्याही मनात इमारतीविषयी प्रेमच असणार.

वरच्या मजल्याचेही तसेच. वर्गखोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण 300 किलो भार धरतात, आणि उभ्या गर्दीच्या सभागृहासाठी 500 किलोच्या आसपास. म्हणजे जी तक्तपोशी चाळीस मुलांसाठी पुरेशी होती, ती शंभर प्रेक्षकांसाठी पुरेशी असेलच असे नाही. हे मी बैठकीत सांगितले, तेव्हा विरोधकांना वाटले की मी त्यांच्या बाजूला गेले आणि आमच्यातल्या दोघांना वाटले की मी कच खाल्ली. मला फक्त खरे काय ते सांगायचे होते. तुळया बदलता येतात, खालून आधार देता येतो, किंवा मोठे कार्यक्रम तळमजल्यावर आणि शिकवण्या वर, अशी वाटणी करता येते. पण ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. असो.

मधल्या दालनात मी त्या दिवशी एकदा टाळी वाजवली होती. ती छताला जाऊन परत आली आणि विरायला दोनेक सेकंद लागली. संवाद स्पष्ट ऐकू यायचे तर आवाज एका सेकंदाच्या आत विरावा लागतो, आणि वाद्यवृंदाला मात्र दोन सेकंदांचे घुमणे मानवते. म्हणजे हे दालन गाण्याचे आहे, नाटकाचे नाही, असा शोध लागल्यासारखा मला आनंद झाला होता. अक्कांना सांगितले तर म्हणाल्या, "प्रार्थना तिथेच का व्हायची, असे वाटते तुला?" तेव्हाही मी हसून पुढे गेले होते. आज लक्षात येते की त्या मला तेव्हाही तेच सांगत होत्या. जे मला नव्याने सापडले असे वाटले, ते माझ्या आधी पुष्कळांच्या कानांना ठाऊक होते.

दाराशेजारची कोनशिला मी ओल्या फडक्याने पुसून पाहिली होती. दोन अक्षरे लागली, बाकीची झिजून गेली आहेत. इमारत कोणी उभी केली, कोणी त्यासाठी खेटे घातले, कोणाचे कोणाशी वाकडे आले, यातले काहीच मला ठाऊक नाही, आणि तरी मी तिच्यावर एवढा जीव लावू शकले. मग उद्या ती वाचली तर पहिला अर्ज कोणी केला, हे कोणाला ठाऊक असण्याचे तरी काय कारण? हे लिहून झाल्यावर जरा वेळ थांबले. संध्याकाळपासून छातीवर जे दडपण होते ते पुष्कळ उतरले आहे. जेवणही गरम करून घेतले.

राहता राहिला पायऱ्यांशेजारच्या उताराचा प्रश्न. उद्या त्यापासूनच सुरुवात करायला हवी. दारापुढे 15 सेंटिमीटर उंचीच्या चार पायऱ्या आहेत, म्हणजे एकूण चढ 60 सेंटिमीटर. चाकांच्या खुर्चीसाठी एकास बारा असा उतार लागतो, म्हणजे 7.20 मीटर लांबी. आराखड्यात हा उतार पूर्वेच्या बाजूने काढला आहे आणि त्याच्याखाली पायऱ्यांचा तो कोपरा पूर्ण झाकला जातो. संध्याकाळी अक्का, त्यांच्याबरोबरच्या दोघी आणि अभ्यासाच्या वह्या घेऊन येणारी मुले बसतात ती जागा तीच. मधल्या पायरीचा दगड तिथे बसून बसून गुळगुळीत झाला आहे आणि पावसानंतर त्यात ओंजळभर पाणी राहते. त्यातले वाईट असे, की गुडघ्यांमुळे सगळ्यांच्या आधी तो उतार अक्कांनाच लागणार. आराखडा मी चार वेळा तपासला आणि चारही वेळा उतार आहे ना, एवढेच पाहिले. तो कशावर येतो आहे, हे पाहिले नाही.

मघाशी विजेरी आणि टेप घेऊन जाऊन आले. रात्री कोणी पाहिले असते तर काय वाटले असते कोण जाणे. पश्चिमेच्या भिंतीलगत 6.40 मीटर मोकळी जागा आहे. सरळ उतार तिथे बसत नाही, 80 सेंटिमीटर कमी पडतात. पण मध्ये वळण घेऊन 3.60 मीटरचे दोन टप्पे केले आणि वळणावर दीड मीटरचा सपाट भाग ठेवला, तर 5.10 मीटरमध्ये काम होते. रुंदीही पुरते असे दिसते, दिवसा पुन्हा मोजेन. आधी मात्र अक्कांना तिथे नेऊन विचारायचे आहे, की वळण डावीकडे घ्यावे की उजवीकडे. टिपणातल्या अकरापैकी आठ जागी "आपली" लिहिले. उरलेल्या तीन वाक्यांत ते बसेना, कारण ती वाक्ये खरोखरच आम्हा सातजणांपुरती होती. ती खोडली.