एस्बियर्गमधला पाव तास

१ जुलै २०२० च्या रात्री मी पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराला लागून मांडलेल्या टेबलावर, डेन्मार्कच्या राष्ट्रीय चषक स्पर्धेचा अंतिम सामना नोंदवत होतो. फुटबॉल सामन्यांचे थेट चित्रण पाहून त्यातली प्रत्येक घटना, म्हणजे प्रत्येक पास, टॅकल, थ्रो-इन, कॉर्नर आणि फाउल, कोणत्या खेळाडूने मैदानाच्या कोणत्या भागात कोणत्या सेकंदाला केले याची नोंद करणे, हा माझा गेल्या अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. आमच्याकडे या कामाला 'लॉगिंग' म्हणतात. एका सामन्यात दीड ते दोन हजार नोंदी सहज होतात आणि त्यातली एखादी चुकली तर ती बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या रात्रीची एक नोंद मात्र मी आजही विसरलेलो नाही आणि तिचा चेंडूशी काहीही संबंध नव्हता.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती. माझे वडील एकोणीस वर्षे माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेले वारकरी. त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे पायी वारीच रद्द झाली होती. मानाच्या पालख्या मोजक्या वारकऱ्यांसह एसटीच्या बसगाड्यांतून आदल्या दिवशी पंढरपूरला नेल्या गेल्या आणि पंढरपुरात संचारबंदी होती. मध्यरात्रीनंतर उठून वडिलांनी टीव्हीवर महापूजा पाहिली होती आणि नंतर दिवसभर ते फारसे बोलले नव्हते. माझी पाळी सुरू होण्यापूर्वी आईने भगर आणि दाण्याची आमटी वाढली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आज कुठला सामना?" मी म्हणालो, "डेन्मार्कचा, बाबा. कपाची फायनल आहे." त्यावर त्यांनी, तिथे माणसे येणार आहेत का, असे विचारले. थोडी येणार आहेत, असे मी सांगितले.

हे 'थोडी येणार' सुद्धा त्या काळात अपूर्वाईचे होते. डेन्मार्कमधले फुटबॉल मार्चमध्ये थांबले आणि २८ मे रोजी आरहूसच्या संघाच्या रँडर्सविरुद्धच्या सामन्याने परत सुरू झाले. त्या सामन्यात प्रेक्षक आपापल्या घरी बसले होते आणि त्यांचे चेहरे मैदानालगतच्या मोठ्या पडद्यांवर दिसत होते. तो सामना मीही पाहिला होता. रिकाम्या मैदानावरच्या त्या सामन्यांनी आम्हा लॉगर लोकांना एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे आपण किती नोंदी डोळ्यांनी करतो आणि किती कानांनी. कॅमेरा दुसरीकडे वळलेला असतानाही प्रेक्षकांचा आवाज चढला की फाउल झाला किंवा चेंडू बाहेर गेला हे कळते. तो आवाजच नसल्यामुळे आमच्या चुका वाढल्या होत्या. जूनमध्ये डेन्मार्कने हळूहळू मर्यादित संख्येने प्रेक्षकांना परवानगी दिली आणि चषकाची अंतिम फेरी होईपर्यंत तो आवाज थोडासा परतला होता.

ही स्पर्धा १९५४-५५ च्या हंगामात सुरू झाली आणि २०१९-२० चा हंगाम तिचा ६६ वा होता. हौशी खेळाडूंच्या छोट्या क्लबांनाही इथे सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रवेश मिळतो. मोठे क्लब पुढे येतात. तिचा अंतिम सामना बरीच वर्षे कोपनहेगनच्या पार्केन स्टेडियममध्ये आणि बहुधा ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सुटीच्या दिवशी, म्हणजे मे महिन्यात, खेळवला जात आला आहे. त्या वर्षी तो जुलैत गेला आणि युटलंड या डेन्मार्कच्या मुख्य द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एस्बियर्ग या बंदराच्या शहरात झाला. एका बाजूला तीन वेळा चषक जिंकलेला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आल्बोर्गचा जुना संघ होता. दुसऱ्या बाजूला फिकट निळ्या रंगाचा, हाडर्सलेव गावातला, दक्षिण युटलंडचे नाव लावणारा सोनरयुस्के हा संघ होता आणि त्याने तोवर एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती.

सामन्याच्या तयारीसाठी मी दोन्ही संघांची माहिती वाचतो. त्यासाठी मला कोणी पैसे देत नाही, पण खेळाडूंच्या नावांमागे एखादा प्रदेश उभा राहिला की नोंदी करताना ती नावे अधिक पक्की राहतात. त्या आठवड्यात वाचलेली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली होती. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग हा आपल्या दक्षिणेकडचा प्रांत गमावला. हाडर्सलेव आणि त्याभोवतीचा मुलूख प्रशियाकडे गेला, तिथली बंदरे गेली आणि डेन्मार्कला इंग्लंडकडे माल पाठवण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर नवे बंदर बांधावे लागले. १८६८ मध्ये कायदा करून बांधायला घेतलेले ते बंदर म्हणजे एस्बियर्ग. पुढे १९२० मध्ये सार्वमत झाले, उत्तर श्लेस्विग, म्हणजेच दक्षिण युटलंड, डेन्मार्कमध्ये परत आले आणि १० जुलैला राजा दहावा ख्रिश्चन पांढऱ्या घोड्यावरून जुनी सरहद्द ओलांडून त्या मुलखात गेला. २०२० हे त्या घटनेचे शंभरावे वर्ष होते आणि त्यानिमित्त ठरलेले बरेच समारंभ साथीमुळे पुढे ढकलावे लागले होते. म्हणजे दक्षिण युटलंडचा संघ आपल्या पहिल्या चषकासाठी अशा शहरात खेळणार होता, जे त्यांचाच मुलूख हातून गेल्यामुळे वसले होते, आणि तेही शताब्दीला नऊ दिवस उरलेले असताना. मी हे वडिलांना जेवताना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे त्यांचीही या वर्षी वारी चुकली म्हणायची."

सामना सुरू झाला आणि पहिली काही मिनिटे नेहमीसारखी गेली. त्या उन्हाळ्यात पाच खेळाडू बदलण्याची मुभा होती, त्यामुळे आमच्या प्रणालीत तीनपेक्षा जास्त बदल स्वीकारले जातात ना, याची खात्री मी आधीच करून घेतली होती. आम्ही दोघे होतो: मी पुण्यात आणि मैदानावर हजर असलेला एक डॅनिश सहकारी, जो हेडफोनवरून मला चित्रणात न दिसणाऱ्या गोष्टी सांगत असे. पहिले सत्र अजून संपले नव्हते, तेव्हा पंचांनी खेळ थांबवला. कोणी जमिनीवर पडलेले नव्हते. कार्ड दाखवलेले नव्हते. व्हिडिओ सहायकांकडे काही तपासायला गेल्याची खूणही नव्हती. खेळ थांबला की कारण नोंदवण्याची माझ्या हाताला इतकी सवय झालेली आहे की मी डोळ्यांनी काही पाहण्याआधीच 'दुखापत' हा संकेत दाबला आणि लगेच खोडला.

मग कॅमेरा आल्बोर्गच्या पाठीराख्यांकडे वळला. ते दाटीने एकत्र उभे होते. त्यांना नेमून दिलेल्या जागा सुट्या सुट्या होत्या आणि त्या सोडून ते एकमेकांजवळ आले होते, जसे फुटबॉलचे पाठीराखे नेहमी उभे राहतात तसेच. समालोचनात एक डॅनिश शब्द परत परत येऊ लागला, जो मला 'आउस्टॅन' असा ऐकू आला. मी सहकाऱ्याला अर्थ विचारला. तो म्हणाला, "अंतर." सूचना देऊनही लोक पांगत नाहीत, म्हणून खेळ थांबवला आहे आणि ते आपापल्या जागी जाईपर्यंत तो सुरू होणार नाही, असे त्याने सांगितले.

आमच्या कामात अशा वेळी दोन प्रश्न ताबडतोब सोडवावे लागतात. पहिला प्रश्न घड्याळाचा असतो. आमच्या प्रणालीत दोन घड्याळे चालतात: एक जगाचे आणि दुसरे सामन्याचे. फुटबॉलच्या नियमांनुसार वाया गेलेला वेळ पंच सत्राच्या शेवटी भरून देतात, त्यामुळे खेळ थांबला तरी आम्ही सामन्याचे घड्याळ थांबवत नाही. पण खेळ किती काळ थांबेल, किंवा सामना सोडून दिला जाईल का, हे कोणालाच माहीत नसताना ते घड्याळ चालू ठेवणे मला जड गेले. मी ते चालू ठेवले. तेव्हा आमच्या घरात पूर्ण शांतता होती आणि पडद्यावरचे सेकंद धावत होते, पण त्यांच्यासमोर लिहायला एकही नोंद नव्हती. एरवी मिनिटाला वीस नोंदी करणाऱ्या माणसाला ती रिकामी ओळ पाहणे किती कठीण जाते, हे हे काम केलेल्यालाच समजेल.

दुसरा प्रश्न कारणाचा होता आणि तोच खरा अवघड ठरला. खेळ थांबण्याच्या कारणांची आमची यादी ठरलेली होती: दुखापत, हवामान, प्रकाशव्यवस्था, तांत्रिक बिघाड, प्रेक्षकांची गैरवर्तणूक आणि शेवटी 'इतर'. 'गैरवर्तणूक' या संकेताखाली आजवर मी काय काय नोंदवले होते ते मला आठवत होते: मैदानात फेकलेल्या पेटत्या नळकांड्या, खेळाडूंवर भिरकावलेल्या बाटल्या, कुंपण ओलांडून धावत आलेले लोक. इथे यातले काहीच नव्हते. जे लोक पडद्यावर दिसत होते ते गात होते आणि एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते, म्हणजे चार महिन्यांपूर्वी ज्याला कोणी हरकतही घेतली नसती तेच करत होते. मी 'इतर' निवडले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: प्रेक्षकांच्या एका गटाने साथीच्या काळातील विहित अंतर राखण्यास नकार दिल्यामुळे खेळ स्थगित.

सुमारे पाव तासाने, काही प्रेक्षकांना स्टेडियमबाहेर नेल्यानंतर, खेळ पुन्हा सुरू झाला. पहिले सत्र संपले तेव्हा जगाच्या घड्याळाप्रमाणे ते तासाभराच्या आसपास गेले होते. पुढचे वर्णन थोडक्यात करता येईल: सोनरयुस्केने सामना २-० असा जिंकला आणि दोन्ही गोल आंदर्स जेकबसेनने केले. ग्लेन रिडर्सहोम यांच्या मार्गदर्शनाखालच्या हाडर्सलेवच्या या क्लबचा तो पहिला मोठा चषक होता. शेवटची शिटी वाजल्यावर फिकट निळे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले, तेव्हा माझा सहकारी हेडफोनवर काही क्षण काहीच बोलला नाही. तो स्वतः दक्षिण युटलंडचा आहे, हे मला त्या रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीतून फाइल परत आली. वरिष्ठांनी माझा 'इतर' हा संकेत बदलून 'प्रेक्षकांची गैरवर्तणूक' असा केला होता. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. लोकांना सूचना दिल्या होत्या, त्यांनी त्या पाळल्या नाहीत, त्यांच्या वागण्यामुळे अंतिम सामना थांबला, मग याला गैरवर्तणूक नाही तर काय म्हणायचे, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय 'इतर' या संकेताचा ग्राहकाला काही उपयोग होत नाही, हेही खरे होते. तरीही मी त्यांना दीर्घ पत्र लिहिले, जे मी सहसा करत नाही. मी लिहिले की दहा वर्षांनी कोणी अभ्यासक डेन्मार्कमधल्या प्रेक्षकांच्या हिंसाचाराची आकडेवारी काढायला बसेल, तेव्हा आपली ही नोंद पेटत्या नळकांड्यांच्या आणि बाटल्यांच्या शेजारी मोजली जाईल आणि त्या संध्याकाळी एस्बियर्गमध्ये प्रत्यक्षात काय घडले ते त्या आकड्यात कुठेही उरणार नाही. त्या लोकांनी नियम मोडला हे मला मान्य आहे. त्यांच्या जवळ उभ्या असलेल्या कोणाला त्यातून आजार झाला असता, तर त्याची जबाबदारी मोठी होती, हेही मान्य आहे. पण कोणता नियम मोडला, हे लिहिल्याखेरीज ती नोंद पूर्ण होत नाही.

पत्रावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी संकेत 'गैरवर्तणूक' हाच राहिला, पण माझा शेरा अक्षरशः तसाच ठेवण्यात आला आणि पुढच्या महिन्यात यादीत 'आरोग्यविषयक निर्बंध' हा नवा संकेत आला. जुन्या फाइलला तो मागाहून लावता येत नाही, असे मला सांगण्यात आले. मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही.

सोनरयुस्केला त्या विजयामुळे युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळायला मिळाले आणि सप्टेंबरात प्लझेनमध्ये ते ०-३ असे हरले. पुढच्या हंगामातही ते चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले. १३ मे २०२१ रोजी आरहूसमध्ये रँडर्सने त्यांना ४-० असे हरवले. तो सामनाही माझ्याच वाट्याला आला होता. तोवर मैदानावरचा तो सहकारी दुसऱ्या कामावर गेला होता.

अंतिम सामन्याच्या त्या रात्री काम संपवून मी उठलो तेव्हा वडील जागेच होते. एकादशीचा उपास सुटायला अजून सकाळ व्हायची होती. त्यांनी विचारले, "झाला का सामना नीट?" मध्ये पाव तास थांबला होता आणि का थांबला होता, ते मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "पण बाहेर काढलेल्या त्या माणसांना शेवट बघता आला का रे कुठे?" मला याचे उत्तर माहीत नव्हते. मी परत टेबलाशी जाऊन संगणक चालू केला आणि शेऱ्याच्या ओळीत, 'स्थगित' या शब्दापुढे, आणखी एक वाक्य जोडले: संबंधित गटाला बाहेर नेल्यानंतर खेळ त्यांच्या अनुपस्थितीत पूर्ण झाला.