मेजर, मार्शल, कमांडर आणि आमचा भाचा

भाच्याने महिंद्राची थार घेतली. फॅमिली ग्रुपवर हार, पेढे, चाकाखालचं लिंबू असे सगळे फोटो येऊन गेले आणि मग रविवारी साहेब स्वतः गाडी दाखवायला आले. खाली पार्किंगमध्ये अर्धा तास तो टचस्क्रीन, फोर बाय फोरचा गिअर, काय काय दाखवत होता आणि मी आपला हो हो करत होतो, पण माझं लक्ष अडकलेलं दाराच्या बिजागऱ्यांवर. बाहेरून उघड्या दिसत होत्या. म्हटलं अरे ह्या अशा का, तर म्हणतो मामा तीच तर स्टाईल आहे, रफ लुक.

आता ह्याला काय सांगू. आमच्या लहानपणी जीपच्या बिजागऱ्या बाहेरच असायच्या, म्हणजे दार असलं तर.

कराड-ढेबेवाडी रोडला वडाप चालायचं. वडाप म्हणजे काय हे सातारा-सांगली-कोल्हापूरवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, एसटी चुकली की स्टँडच्या बाहेर जी जीप उभी असते आणि भरेपर्यंत हलत नाही ती. आणि 'भरली' हे ठरवणार ड्रायव्हर. पुढे तो धरून पाच जण, त्यामुळे त्याची एक मांडी कायम गाडीच्या बाहेर, गिअर बदलायचा म्हटलं की मधल्या माणसाने पाय बाजूला घ्यायचा, आणि नवीन माणूस असला तर गिअरऐवजी त्याचा गुडघाच हातात यायचा. मागे समोरासमोर दोन बाकडी, गुडघ्याला गुडघा, मधे दुधाची किटली नाहीतर शेळी. सगळ्यात मागे एक पोरगं लटकलेलं, ते पत्र्यावर दोनदा थाप मारायचं, की निघालीच गाडी. पावसाळ्यात रेक्झिनचे पडदे सोडायचे, मग आत डिझेल, तंबाखू, ओलं घोंगडं आणि एखाद्याला लागलेली गाडी, सगळे वास एकत्र. कॉलेजला होतो तेव्हा मी गेटच्या शंभर पावलं आधीच उतरायचो, कोणी बघू नये म्हणून.

पण महिंद्राच्या त्या गाड्यांची नावं बघा. कमांडर, मार्शल, मेजर, आर्माडा! सगळं लष्कर आणि आरमार, आणि आत शेळी.

तसं ते लष्करी नातं खरंच आहे म्हणा. कंपनी सुरू झाली 2 ऑक्टोबर 1945 ला, तेव्हा नाव महिंद्रा अँड मोहम्मद, धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल, आणि इकडे पाटीवर मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्रा आला. भागीदारी मोडल्यावर माणूस फार तर दुसरं दुकान टाकतो, हे गृहस्थ थेट देश चालवायला गेले. तर 1947 च्या सुमारास महिंद्रांनी अमेरिकेची विलीज जीप, म्हणजे महायुद्धातली, इथे जोडून विकायला सुरुवात केली आणि पुढची कितीतरी वर्षं तोच चपटा चेहरा, तेच गोल डोळे चालू राहिले. फॉरेस्टवाले, पोलीस, पाटबंधारे खातं आणि वडाप. हौसेने घ्यायची गाडी म्हणजे मारुती, जीप ही कामाची.

मग 2002 ला स्कॉर्पिओ आली आणि तालुक्यातल्या प्रत्येक भाऊ-दादा-आबांच्या दारात पांढरी स्कॉर्पिओ उभी राहिली, तो एक वेगळाच लेख होईल. नावं पण बदलली, बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो, शेवटी ओ आलाच पाहिजे, मग नुसतीच अक्षरं, आणि आता इलेक्ट्रिकचं नाव बीई सिक्स. त्याचं आधी सिक्स-ई होतं, पण ते इंडिगो विमानवाल्यांचं निघालं म्हणून ई सोडावा लागला. त्याच गाडीची बॅटमॅन एडिशन काढली 2025 ला, 999 गाड्या 135 सेकंदात बुक! एवढ्या वेळात आमच्या वडापवाल्याचं एक गिऱ्हाईक पण मागे सरकायचं नाही.

मला मात्र नवल थारचंच वाटतं. तरुण पोरांना आवडायला हवं म्हणून इतर कंपन्या जुनं सगळं झाकून टाकतात, ह्यांनी 2010 ला पहिली थार काढली तेव्हाही आणि 2 ऑक्टोबर 2020 ला नवी काढली तेव्हाही जुना चेहराच पुढे केला. फक्त आत एसी घातला, ऑटोमॅटिक गिअर दिला आणि आतली माणसं कमी केली. अठरा जणांची गाडी चौघांची झाली की तिची किंमत वाढते, हे गणित आमच्या ड्रायव्हरला कळलं असतं तर त्याला हार्ट अटॅकच आला असता. आणि भाच्याला ती आवडते कारण तो वडापमध्ये कधी बसलाच नाही. त्याला त्या चेहऱ्यात डोंगर, नदी, चिखल दिसतो. मला तो चेहरा दिसला की अजून आपोआप गुडघे जवळ घ्यावेसे वाटतात.

गेल्या महिन्यात त्याच गाडीने गावाला गेलो. कोळे सोडलं आणि पुढे रस्त्याच्या कडेला एक म्हातारी हात करून उभी, काखेत गाठोडं. भाचा म्हणतो मामा ह्या हात का दाखवतायत, काही झालंय का. म्हटलं थांबव तू. तिनं काच खाली व्हायची पण वाट बघितली नाही, "ढेबेवाडी न्हवं?" एवढं विचारलं आणि दाराला हात घातला. मी मुकाट्याने मागे जाऊन बसलो, तिला पुढे चढवली. भाच्याने एसी वाढवला तर म्हणाली, "काच उघड बाबा, गुदमारतंय."

तिचा फाटा आला तसा तिनं हात बाहेर काढून दारावर फाडफाड दोन थापा मारल्या. भाच्याने करकचून ब्रेक दाबला आणि तिच्या आधी स्वतःच उतरला, रंग बघायला.