हतनूरचा काळा थर मोजताना

जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवर पहिल्यांदाच आलेला माणूस पाण्यावरचा लांबलचक काळा थर बघतो आणि वहीत लिहून मोकळा होतो: ‘बदके, हजारो’. त्या थरात बहुधा मोठा वाटा वारकरी नावाच्या पक्ष्यांचा असतो, आणि वारकरी हे बदकच नव्हे. ते पाणकोंबडीच्या कुळातले. काळं अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा, पोहताना मान सारखी पुढे-मागे. उडी मारून बुडी घेतो आणि बुचासारखा वर येतो. तेवढ्यात शेजारी टपलेलं तरंग किंवा मलिन बदक त्याच्या चोचीतलं शेवाळ हिसकावतं. म्हणून वारकऱ्यांच्या गर्दीत ही दोन बदकं आवर्जून शोधावीत.

उभं राहायचं तापीच्या दक्षिण काठाला, वरणगावच्या बाजूला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन पाठीशी राहतं. समोरच्या काठावरून रंग दिसत नाहीत, नुसत्या सावल्या. पहाटे पाण्यावर धुकं साचतं, दहानंतर हवा थरथरते. कामाचे तास आठ ते दहा, भरीत-पुरी नंतर. दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते, १०×५० जड असते आणि हातात हलते. स्कोप तिकाटण्यावर लावला तरी २०-३० पटीवरच ठेवावा. ६० पट केली की पक्ष्याबरोबर हवेची थरथरही मोठी होते.

मोठी लालसरी हे बदक इथलं खरं आकर्षण. नराचं डोकं नारिंगी, चोच लालभडक. साध्या लालसरीचं डोकं विटकरी, पाठ राखाडी, चोचीवर निळसर पट्टा. उजेड कमी असेल तर नर सोडा, मादी बघा: मोठ्या लालसरीच्या मादीचे गाल फिकट आणि डोक्यावर तपकिरी टोपी असते. थापट्या बदक लांबूनही कळतं. फावड्यासारखी चोच पाण्याला टेकवून चार-सहा जण गोल-गोल फिरत असतात.

मोजणी अशी: आधी २० पक्षी एकेक मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यांत बसवायचा आणि डावीकडून उजवीकडे तेच माप लावत जायचं. थर मध्ये दाट आणि कडांना विरळ असतो. एकच माप सगळीकडे लावलं की आकडा चुकतो, म्हणून कडा वेगळ्या मोजाव्यात. लालसरी बुड्या मारत चरत असेल तर कुठल्याही क्षणी काही पक्षी पाण्याखाली असतात. थवा विसावलेला असताना दोनदा मोजून सरासरी घ्यावी. मध्येच दलदल ससाणा आला की वारकरी एकत्र गोळा होतात, बदकं उडतात. अशा वेळी अर्धा आकडा पुढे ओढू नये, पान उलटून पहिल्यापासून मोजावं.

पाणी ओसरल्यावर काठाला गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात शेती होते. पिकातून चालत पुढे जाऊ नये. शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि पट्टकादंब हे हंसही उडून जातात.