आमची वाटचाल : बटणं काढायचा धंदा

२०११ साली कोल्हापुरात राजारामपुरीत जिन्याखालच्या गाळ्यात आम्ही दोघांनी दोन कॉम्प्युटर मांडले. तयार थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा, घ्यायची, लोगो बदलायचा, फोटो टाकायचे, झाली वेबसाइट. उद्यमनगरातल्या, लोखंड ओतून पार्ट करणाऱ्या एका फौंड्रीवाल्या काकांनी पहिल्याच भेटीत साइटवरचं खरेदीच्या टोपलीचं चित्र दाखवत आमची हवा काढली. "हे टोपलं कशाला ओ ठेवलंय? आमचं कास्टिंग म्हणजे काय कपिलतीर्थातली भाजी आहे?"

बरोबर होतं त्यांचं. त्यांच्याकडे येणारा माणूस ड्रॉइंग घेऊन येतो, वजन आणि ग्रेड, म्हणजे लोखंडाचा प्रकार, विचारतो. ऑनलाइन पैसे भरून कास्टिंग कोण नेतंय? आम्ही साइट ज्यात बांधतो त्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरमध्ये २०१० च्या ३.० आवृत्तीपासून स्वतःचे मजकूर-प्रकार करायची चांगली सोय झाली होती. आम्ही 'कास्टिंग' नावाचा प्रकार केला : पार्टचं नाव, वजन, मशिनिंग आहे की नाही, आणि ग्रेड. ग्रेड मात्र हातानं टाइप करायचा नाही, यादीतून निवडायचा. कारण एक पोरगा 'एसजी ५००/७' लिहायचा, दुसरा 'एसजी-५००', आणि शोधलं की निम्मा माल गायब. टोपल्याच्या जागी 'चौकशी करा' आलं.

पुढच्या वर्षी आम्हीच तोंडावर आपटलो. सगळे बदल थेट थीमच्या फाइलींत केले होते. दिवाळीच्या तोंडावर एका गिऱ्हाइकानं अपडेटचं बटण दाबलं आणि नवी थीम जुनीवर बसली. आमचं काम साफ. बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा! तेव्हापासून दिसण्यातले बदल चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बसणारी वेगळी थीम, अपडेटनं पुसली जात नाही), कामाचे बदल आमच्या प्लगिनमध्ये (वरून जोडायच्या कोडमध्ये) आणि मूळ वर्डप्रेसच्या फाइलीला हात लावायचा नाही.

गुजरीतल्या एका सराफांचं काम अजून आवडीचं. रोजचा भाव साइटवर टाकायचा, एवढंच. पण लॉगिन केलं की डाव्या बाजूला मेनूची ही लांबलचक रांग, आणि दिवाणजी माउसला हात लावायला तयार नाहीत. आम्ही त्यांच्यासाठी वेगळा रोल (कुणाला काय दिसावं ते ठरवणारा) केला आणि मेनू काढत सुटलो. शेवटी उरले दोन चौकोन, सोनं आणि चांदी, आणि एक बटण. एकदा त्यांच्या हातून एक शून्य जास्त पडलं. आता कालच्या भावापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला की पडदा विचारतो, "नक्की?" गिऱ्हाइकाला वाटतं आपण नवीन काहीतरी बसवलं. खरं तर आमचं निम्मं काम काढून टाकायचंच असतं.

मराठी साइटींची दुखणी वेगळी. एका संस्थेच्या बातम्यांच्या लिंका मध्येच तुटायच्या. वर्डप्रेस लिंकेतला शीर्षकाचा भाग २०० चिन्हांवर कापतं, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटीही वेगळी धरून, तिथं नऊ-नऊ चिन्हं होऊन बसतं. म्हणजे जेमतेम बावीस. शीर्षकं तर सगळी 'वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण समारंभ' अशी. मग लिंकेसाठी रोमन लिपीतला छोटा रकाना दिला आणि तो भरल्याशिवाय 'प्रकाशित करा' चालणार नाही असं केलं. शिव्या खाल्ल्या, पण लिंका टिकल्या.

२०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेस ५.० बरोबर ब्लॉक एडिटर (मजकूर तुकड्यातुकड्यांनी मांडायचा नवा एडिटर) आला तेव्हा आठवडाभर फोन खाली ठेवता आला नाही. सगळ्यांना जुना क्लासिक एडिटर परत बसवून दिला. आता ब्लॉकच वापरतो, पण कुलूपबंद साच्यात. मजकूर बदला, मांडणी नाही.

आज आम्ही पाचजण आहोत. "भाचा पाच हजारात करून देतोय" हे अजूनही ऐकावं लागतं.

सध्या एका चपलांच्या दुकानाचं काम चालू आहे. माल हातानं बनवलेला, त्यामुळं एका नमुन्यात सगळे नंबर सापडतीलच असं नाही. माहिती भरणार दुकानातला पोरगा, तीही मोबाइलवर, गिऱ्हाईक नसताना. फोटो, नंबर, किंमत, 'विकली'. चारच गोष्टी ठेवल्यात. मालकांना पाचवी हवी आहे, 'स्टॉक'. प्रत्येक जोड एकच आहे हो, असं सोमवारी जाऊन परत एकदा सांगायचंय.