मेल ब्लँक: सा वरून रे वर गेलेलं बदक

अमेरिकी कार्टूनमधले बग्ज बनी, डॅफी डक हे बदक, पोर्की पिग, ट्वीटी, सिल्व्हेस्टर हे मांजर हे सगळे एकाच गळ्यातले. मेल ब्लँक (१९०८–१९८९) यांना अमेरिकेत ‘हजार आवाजांचा माणूस’ म्हणत. मला हे बिरुद फसवं वाटतं. आवाज मोजत बसलं की अभिनय निसटतो.

पोर्कीचंच घ्या. त्याचा आधीचा आवाज जो डोअर्टी यांचा. ते खरोखरच तोतरे बोलत, त्यामुळे वाक्य कधी संपेल याचा नेम नसे आणि फिल्म वाया जाई. १९३७ मध्ये काम ब्लँककडे आलं आणि तोतरेपणाला ताल मिळाला. पहिलं अक्षर तीन-चारदा अडकवायचं, प्रयत्न सोडून द्यायचा आणि भलताच सोपा शब्द टाकून मोकळं व्हायचं. हसू अडखळण्याला येत नाही, त्या माघारीला येतं.

डॅफीच्या आवाजात यंत्राचाही हात आहे. ध्वनिमुद्रण मूळ गतीपेक्षा जलद वाजवलं की गती आणि पट्टी दोन्ही चढतात. १२ टक्के वेग वाढवला तर सा चा शुद्ध रे होतो आणि १० सेकंदांचं वाक्य ९ सेकंदांच्या आत संपतं. गोची इथेच होते. क, ट, प गिळले जातात आणि विनोदाआधीची शांतता आखडते. म्हणून मुद्रणाच्या वेळी नट सावकाश बोलतो, व्यंजनं ठोकून उच्चारतो आणि विराम गरजेपेक्षा किंचित लांबवतो. वेग न वाढवता जवळपास तोच बोबडा, थुंकी उडवणारा आवाज म्हणजे सिल्व्हेस्टर. डॅफीचा एखादा संवाद थोडा मंद करून ऐका, मांजर सापडेल! चित्रं मुद्रणानंतर काढली जात, त्यामुळे ओठांच्या हालचालीही या उच्चारांवरच बेतलेल्या असत.

ही तयारी रेडिओवरची. विनोदी नट जॅक बेनींच्या थेट प्रसारित कार्यक्रमात बेनींच्या खटारा मॅक्सवेल गाडीचा मुद्रित आवाज ऐन वेळी वाजला नाही, तेव्हा ब्लँकनी मायक्रोफोनपाशी जाऊन खोकत, धापा टाकत इंजिन सुरू केलं. पुढे गाडीचं ‘पात्र’ त्यांचंच झालं. त्याच कार्यक्रमात ‘साय’ नावाचा माणूस प्रत्येक प्रश्नाला एकाक्षरी उत्तर देई. तिथे आवाजाची करामत जवळजवळ नाहीच, नुसता ठोका. बेनींच्या टीव्ही कार्यक्रमात ते पडद्यावरही दिसले. नाताळच्या खरेदीत बेनींनी वेड लावलेला तो दुकानातला विक्रेता तेच.

श्रेयाचा भाग मात्र खटकतो. पगारवाढ नाकारली गेली म्हणून ब्लँकनी श्रेयनामावलीत नाव मागितलं आणि ते मिळालं. इतरांना बराच काळ मिळालं नाही. त्यामुळे बग्जच्या मागे लागणारा शिकारी एल्मर फडही ब्लँकचाच, असा समज पसरला. तो आवाज आर्थर क्यू. ब्रायन यांचा होता, तेही रेडिओवरचेच नट.

जानेवारी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर अपघात झाला आणि ब्लँक सुमारे दोन आठवडे बेशुद्ध होते. नंतर प्लास्टरमध्ये, घरी बिछान्यावर आडवं पडूनच त्यांनी ‘फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेतल्या बार्नी रबलला आवाज दिला. वर मायक्रोफोन, भोवती बाकीचे नट. आडवं पडून बोलताना पोटाचा जोर कमी पडतो आणि श्वास लवकर संपतो. बार्नीचं हसू तुटक आहे, ते अशा अवस्थेतही निभतं. त्यांच्याच तापट योसेमिटी सॅमची आरडाओरड निभली नसती. मधल्या काही भागांतला बार्नी डॉज बटलर यांचा आहे. ओळखायचा असेल तर हसण्याकडे कान द्या.