एमलिबचा पेपर आणि कोहावरचं काम

एमलिबला (ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर कोर्सला) ड्युईचे, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या पद्धतीचे, जाडजूड खंड समोर ठेवून वर्गांक काढायला लावायचे, ते पण घड्याळ लावून, त्यामुळे मराठी कविता म्हटलं की ८९१.४६१ हे मी झोपेतपण सांगेन. आणि इंटर्नशिपला लायब्ररीत गेले तर तिथे कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर! पुस्तकावरचा आयएसबीएन नंबर टाका, झेड ३९.५० या नोंदी शोधायच्या प्रोटोकॉलवरून दुसऱ्या लायब्ररीची तयार नोंद ओढा, झालं. इंग्रजी पुस्तकांचं ठीक चालतं हो, पण मराठीची नोंद बऱ्याचदा मिळतच नाही, मग मार्क (MARC) या नोंदीच्या ठरलेल्या साच्यात १०० ला लेखक, २४५ ला टायटल असं एकेक फील्ड भरत बसा. त्यात तोच लेखक एकाने आद्याक्षरांनी टाकलेला, दुसऱ्याने पूर्ण नावाने, तिसऱ्याने रोमनमध्ये, म्हणजे वाचकाने सर्च मारला की निम्मी पुस्तकं गायब. हे टाळायला नावाचं एकच रूप ठरवून सगळीकडे तेच वापरतात, त्याला ऑथॉरिटी कंट्रोल म्हणतात आणि आमच्या पेपरात त्यावर फक्त टीप लिहा! ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१चे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मात्र दरवेळी सविस्तर (नियम भारीच आहेत, तक्रार पाठांतराची).

माझं म्हणणं, एक थिअरी पेपर कमी करा, मराठी पुस्तकांचं एक कपाट द्या, त्याच्या नोंदी साफ करायला लावा आणि त्यावरच मार्क द्या. सध्या इंटर्नशिपच्या लॉगबुकवर सही-शिक्का बघतात, आतलं पान कोणी उलटत नाही.