सौर सेलमधील तडे शोधताना: विद्यापीठ आणि कारखाना यांच्यामध्ये केलेल्या संशोधनाचा माझा अनुभव

प्रतिमा प्रक्रिया या विषयात पीएच.डी. करताना माझे बहुतेक काम आमच्याच परिसरातील एका सौर पॅनेल बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कारखान्याबरोबर झाले. उद्योगाबरोबर संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी मला सहसा कोणता अल्गोरिदम वापरला हे आधी विचारतात. कामाचा खरा कस मात्र दुसरीकडेच लागला, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

सौर पॅनेल अनेक सेल जोडून बनवतात, आणि त्यातला सिलिकॉनचा प्रत्येक सेल मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही पातळ असतो. सोल्डरिंगच्या वेळी, हाताळताना किंवा वाहतुकीत त्याला असे सूक्ष्म तडे जातात की ते उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते पाहण्यासाठी इलेक्ट्रोल्युमिनेसन्स ही पद्धत वापरतात. अंधाऱ्या कक्षात पॅनेलला बाहेरून विद्युतप्रवाह दिला की सेल स्वतःच प्रकाश देऊ लागतो, आणि ज्या भागापर्यंत प्रवाह पोहोचत नाही तो भाग काळा राहतो. सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर (बँड गॅप, ज्यावरून प्रकाशाची तरंगलांबी ठरते) १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असल्यामुळे हा प्रकाश सुमारे ११५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्त पट्ट्यात असतो. नेहमीच्या सिलिकॉन कॅमेऱ्याची संवेदनशीलता नेमकी तिथेच जवळजवळ संपते. म्हणून एक तर एक्स्पोजर लांबवावे लागते, नाही तर इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा महागडा सेन्सर घ्यावा लागतो. कारखान्याकडे पहिल्या प्रकारची यंत्रणा होती. प्रत्येक पॅनेलची प्रतिमा लॅमिनेशनच्या (जोडलेले सेल काचेसह थरांमध्ये कायमचे बंद करण्याच्या) आधी एकदा आणि नंतर एकदा काढली जात असे आणि पडद्यासमोर बसलेले तपासनीस काही क्षणांत निर्णय देत असत.

पहिली प्रतिमा हाती येण्याआधी करार पूर्ण करावा लागला आणि तो आधी झाला हे फार बरे झाले. सदोष पॅनेलचे प्रमाण हा कोणत्याही उत्पादकाचा अत्यंत गोपनीय आकडा असतो, तर संशोधकाला प्रबंधात निष्कर्ष मांडल्याशिवाय गत्यंतर नसते. आम्ही असे ठरवले की उत्पादनातील दोषांचे प्रमाण कुठेही छापायचे नाही, प्रतिमांवरील अनुक्रमांक काढून टाकायचे, शोधनिबंध कंपनीला ठरावीक मुदतीत वाचून हरकत घेता येईल, पण प्रबंध सादर करणे कोणत्याही कारणाने थांबवता येणार नाही. हे शेवटचे कलम मार्गदर्शकांनी आग्रहाने घालून घेतले. विद्यार्थ्याने हे कलम वाचल्याशिवाय सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यापुढचा टप्पा लेबलिंगचा, म्हणजे प्रत्येक प्रतिमेवर ती काय दाखवते याची नोंद करण्याचा, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण संशोधनाचा गाभा तोच होता. या क्षेत्रात ४४ पॅनेलमधून काढलेल्या २,६२४ सेलच्या प्रतिमांचा एक सार्वजनिक संच उपलब्ध आहे. त्यात प्रत्येक सेल सदोष असण्याची शक्यता तज्ज्ञांनी चार पायऱ्यांत नोंदवली आहे. सरावासाठी तो उत्तम आहे. पण कारखान्याचा प्रश्न ‘तडा आहे का?’ एवढाच नव्हता. ‘हा सेल आत्ता बदलायचा का?’ हे त्यांना ठरवायचे होते. लॅमिनेशनच्या आधी सेल काढून दुसरा जोडता येतो, नंतर येत नाही. आणि विनाकारण रीवर्क, म्हणजे सेल काढून बदलण्याचे काम, केले तर शेजारच्या चांगल्या सेललाही तडा जाण्याचा धोका असतो.

हे मला नीट उमगले ते एका ज्येष्ठ तपासनिसांबरोबर बसल्यावर. एका मोनोक्रिस्टलाइन (एकाच स्फटिकापासून बनलेल्या) सेलवर कर्णाच्या दिशेने गेलेली स्पष्ट काळी रेघ होती आणि त्यांनी तो पॅनेल पुढे पाठवला. त्यानंतरच्या सेलवर रेघ जेमतेम दिसत होती, तरी तो त्यांनी बाजूला काढायला लावला. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, रेघ बघू नका, रेघेपलीकडचा उजेड बघा.” पहिल्या सेलमध्ये रेघेच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळ होत्या. दुसऱ्यात रेघ आणि सेलची कड यांच्यामधला कोपरा करडा झाला होता, म्हणजे तिथली विद्युतजोडणी कमकुवत झाली होती. शास्त्रीय लेखनात तड्यांचे जे अ, ब आणि क असे तीन वर्ग करतात, म्हणजे परिणाम न करणारे, अंशतः तोडणारे आणि पूर्ण तोडणारे, तेच त्यांनी रोजच्या नजरेतून आत्मसात केले होते.

त्यानंतर आम्ही लेबलची व्याख्याच बदलली. तड्याची लांबी मोजण्याऐवजी तड्यापलीकडच्या भागाची उजळता शेजारच्या भागाच्या तुलनेत किती, हे आम्ही नोंदवू लागलो. संशयास्पद पॅनेलच्या दोन प्रतिमा काढल्या: एक शॉर्ट सर्किट प्रवाहाइतक्या (पॅनेलची दोन टोके थेट जोडल्यावर उन्हात मिळणाऱ्या) प्रवाहावर आणि दुसरी त्याच्या दहाव्या हिश्श्यावर. मोठ्या प्रवाहावर काळवंडणारा भाग कमी प्रवाहावर उजळला, तर तिथे जोडणी शिल्लक आहे पण रोध वाढला आहे. दोन्हींत काळाच राहिला, तर तो भाग बहुधा पूर्ण तुटलेला आहे. या नोंदी फ्लॅश टेस्टरवरच्या (प्रकाशाचा झोत टाकून पॅनेलची वीजक्षमता मोजणाऱ्या यंत्रावरच्या) क्षमतेच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. सेल एकसर जोडणीत असल्यामुळे एका सेलचा मोठा भाग निकामी झाला की त्या संपूर्ण मालिकेचा प्रवाह अडतो, तर लहान तुकडा गेल्यास क्षमतेत फारसा फरक दिसत नाही, हे तिथे लख्ख दिसले.

या लेबलांवरून तडे ओळखायला शिकणारी संगणक प्रणाली आम्ही तयार केली. त्यासाठी प्रतिमा सरळ करणे, भिंगामुळे आलेली वक्रता काढणे आणि पॅनेलमधून एकेक सेल वेगळा करणे ही कामे ठरलेल्या पद्धतींनी झाली. एक दक्षता मात्र सांगितलीच पाहिजे. एकाच पॅनेलमधील काही सेल प्रशिक्षणात आणि काही चाचणीत टाकले, तर निकाल खोटेपणाने चांगले दिसतात, कारण त्या सर्वांवर प्रकाश, एक्स्पोजर आणि सोल्डरिंगच्या खुणा सारख्याच असतात. म्हणून विभागणी पॅनेलनिहाय आणि शक्यतो उत्पादनाच्या तुकडीनिहाय करावी. तसेच निव्वळ अचूकतेची टक्केवारी कारखान्यात निरुपयोगी ठरते. बहुसंख्य सेल निर्दोष असल्यामुळे सर्वांना ‘चांगले’ म्हणणारी प्रणालीसुद्धा उच्च टक्केवारी मिळवते. आम्ही सुटलेले गंभीर तडे आणि विनाकारण थांबवलेले पॅनेल असे दोन आकडे वेगवेगळे मांडले, आणि त्यांतला समतोल कुठे साधायचा हे ठरवणे उत्पादन विभागाकडे सोपवले.

मधल्या काळात कारखाना मल्टिक्रिस्टलाइन (अनेक स्फटिकांच्या) सेलकडून पूर्णपणे मोनोक्रिस्टलाइन अर्ध्या सेलकडे, म्हणजे मधून कापून दोन केलेल्या सेलकडे, वळला. मल्टिक्रिस्टलाइन सेलमध्ये स्फटिकांच्या सीमा आणि दोषांचे पुंजके काळे दिसतात आणि ते तड्यांपासून वेगळे ओळखायला आमच्या प्रणालीने बरीच मेहनत घेतली होती. नव्या सेलवर ते सारे ज्ञान अनावश्यक झाले. पण उजळतेच्या तुलनेवर आधारलेली लेबलची व्याख्या जशीच्या तशी टिकली, आणि नव्या प्रतिमांवर प्रशिक्षण देण्याचे काम त्यामुळे पुष्कळ सुकर झाले.

आज ती प्रणाली लॅमिनेशनपूर्व तपासणीत केवळ शिफारस करते. अंतिम निर्णय तपासनीसच देतात. त्यांचे आणि प्रणालीचे मत जिथे जुळत नाही, तेवढ्याच प्रतिमा विद्यापीठाकडे येतात. सध्या त्यांत सर्वाधिक भरणा अर्ध्या सेलच्या कापलेल्या कडेपासून निघणाऱ्या लहान तड्यांचा आहे आणि माझ्यानंतर आलेल्या विद्यार्थिनीने तोच विषय घेतला आहे.